वर्नेलच्या कोटाचं अस्तर

मी एक जुनं साटीनचं अस्तर आहे. हसू नका, मित्रांनो! छत्रीचं, बंद पडलेल्या घड्याळाचं, शाळेतल्या मोडक्या बाकाचं मनोगत तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. अस्तराचं कुणी वाचलेलं नसणार. कोटाची स्तुती होते, बटणांची होते, खिशाचीसुद्धा होते. आमच्या वाट्याला येते ती फक्त काख. पण माझं आयुष्य असं काही झगमगलं आहे की सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आणि आज वेळही आहे, कारण बाहेर कडक ऊन आहे आणि मी एका टोपीच्या पोटात, मिलवॉकी शहरातल्या एका घराच्या खुंटीवर निवांत लटकते आहे.

माझा जन्म एका गिरणीत झाला. साटीन विणताना एका बाजूला धागे लांब लांब मोकळे सोडतात, म्हणून आमची ती बाजू पाण्यासारखी गुळगुळीत होते. तिच्यावर काही अडत नाही, काही टोचत नाही. रंगाऱ्याने मला पिकल्या जांभळाच्या रंगात बुडवून वर काढलं, तेव्हा तो स्वतःच क्षणभर थबकला होता. कदाचित त्याला शिंक येत असेल. मी मात्र ते कौतुकच समजते. पुढे माझा तागा शहराच्या उत्तर भागातल्या एका शिंप्याकडे आला आणि तिथे मला वर्नेल भेटली.

काय बाई होती, मित्रांनो! उंच, काळीभोर, दुकानात शिरली की आरसेसुद्धा ताठ उभे राहत. तिला रविवारी चर्चला जाण्यासाठी काळा लोकरी कोट शिवायचा होता. शिंप्याने अस्तरासाठी करड्या रंगाचं कापड पुढे केलं. तिने ते बोटानेच बाजूला सारलं आणि माझ्यावर हात ठेवला.

"बाई, हे आत राहणार," शिंपी म्हणाला. "एवढा भारी रंग कोण बघणार?"

"मी बघणार," वर्नेल म्हणाली. "आणि देव बघणार. तुम्ही तिसऱ्या माणसाची काळजी करू नका."

त्या क्षणी मी तिची झाले.

वर्नेलच्या नवऱ्याचं नाव लेमुएल टोलिव्हर. आज मी त्यांना लेमुएल आजोबा म्हणते, कारण त्यांची नात झरिया म्हणते तसंच माझ्याही तोंडी बसलं आहे. लेमुएल आजोबा चामड्याच्या कारखान्यात कामाला होते. कातडी भिजवायची, ताणायची, त्यांना तेल पाजायचं आणि मऊ करायची, यात त्यांचं सारं तरुणपण गेलं. चर्चमध्ये मात्र ते डीकन होते, म्हणजे तिथले जाणते. उपासना सुरू होण्याआधी पुढे उभं राहून जुन्या गाण्यांची ओळ तेच टाकायचे. ते एक ओळ म्हणत, आणि साऱ्या चर्चने ती उचलून, लांबवत, घोळवत गायची. ना पेटी, ना ढोल. नुसते गळे! पूर्वी, गुलामगिरीच्या काळात, पुस्तकं नव्हती आणि वाचायला शिकूही दिलं जात नव्हतं, तेव्हापासूनची ही रीत.

चर्च गरम ठेवणारी भट्टी जुनी होती, म्हणून हिवाळ्यात वर्नेल कोट काढत नसे. तिसऱ्या रांगेत कडेला बसे. गाणं रंगात आलं की तिचे दोन्ही हात वर जात, कोटाची पाखं उघडत, आणि मी लखकन चमके! काळ्या ढगातून जांभळी वीजच म्हणा ना. आजोबा पुढून ओळ टाकताना तिसऱ्या रांगेकडे बघत असत. मी चमकले की त्यांना कळे, आता गाणं पेटलं. मग त्यांचा आवाज असा काही खाली उतरे की खिडक्यांच्या काचा गुणगुणत. मित्रांनो, कोणत्या अस्तराच्या नशिबी असे रविवार येतात?

आणि आजोबांचं डोकं! ते सांगायचंच राहिलं. बारीक कापलेले, आखूड केस, आणि त्यांत माथ्यावरच्या भोवऱ्यापासून कपाळापर्यंत लाटाच लाटा. वारा पडल्यावर तळ्याकाठच्या वाळूत उमटलेल्या असतात ना, अगदी तशा. आजोबांसारख्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस मुळातच वळणावळणाचे. ते रोज ब्रशने एकाच दिशेला बसवले, रात्री घट्ट कापड बांधून झोपलं, की अशा लाटा धरतात. लहानपणी आजोबा आईचा जुना पायमोजा कापून, गाठ मारून डोक्यावर चढवत असत. पण वळणाच्या केसांची एक अडचण असते. टाळूवरचं तेल त्या नागमोडी वाटेने टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून ते वरून, हाताने पोचवावं लागतं. हिवाळ्यात तर फारच, कारण बाहेर शहराकडेच्या अफाट तळ्यावरचा वारा कोरडा आणि घरात भट्टीची हवा त्याहून कोरडी.

हे काम वर्नेलचं होतं. दर शनिवारी ती खुर्चीवर बसे, आजोबा तिच्यापुढे बुटक्या स्टुलावर, तिच्या गुडघ्यांच्या मधे. ती बोटांनी भांग पाडत पाडत टाळूला शिया नावाच्या आफ्रिकेतल्या झाडाच्या बियांचं लोणी चोळी, आणि सोबत आठवड्याभराची कानउघाडणीही करी. एवढा मोठा कातडी कमावणारा गडी, डोळे मिटून मांजरासारखा बसून राही. मी त्या वेळी खोलीत खुंटीवर असे. म्हणून मला माहीत आहे, आजोबांनी त्या लोण्याच्या डबीचं झाकण स्वतःच्या हाताने कधी उघडलंच नव्हतं.

मग एका शरद ऋतूत वर्नेल गेली.

मला कपाटात टांगलं आणि दार लावलं. आजोबांनी घरात सांगून टाकलं, "त्या कोटाला कुणी हात लावायचा नाही." कुणी लावलाही नाही. मित्रांनो, कपाटातला अंधार वाईट नसतो. वाईट असतं ते रविवार ओळखू न येणं. काखेत माझी शिवण उसवली होती. तिचं कुणाला काय?

पुढचा भाग मला लोकरीने सांगितला. ही लोकर कोण, तर वर्नेलने आपल्या शेवटच्या दिवसांत विणलेली टोपी. राखाडी, जाडजूड, कानांवरून येणारी. तिची आणि माझी आज जन्माची गाठ आहे, आणि आमचं पटत नाही. ती खरखरीत, खाष्ट. तिच्यात कल्पकता नावाला नाही, म्हणूनच ती खोटं बोलू शकत नाही. तर लोकर म्हणते, वर्नेलला पुरून आले त्या दिवशी आजोबांनी तिला डोक्यावर चढवलं आणि मग सहसा उतरवलंच नाही. दारातला बर्फ फावड्याने ओढताना टोपी, जेवताना टोपी, झोपतानाही टोपी. माणूस गेल्यावर त्याच्या हातचं काही जवळ धरून बसावं, हे समजण्यासारखं आहे. पण लोकर म्हणजे लोकर! वाळूने पाणी प्यावं तशी ती केसांतलं उरलंसुरलं तेल पिऊन टाकत होती, आणि प्रत्येक हालचालीला एकेक केस पकडून मोडत होती.

"मी तरी काय करू?" लोकर मला म्हणाली. "माझा स्वभावच धरून ठेवायचा. तिने मला त्याला ऊब द्यायला विणलं. मी ऊब दिली."

डिसेंबरात आजोबा पर्सीच्या केशकर्तनालयात गेले. पर्सी हा त्यांचा तरुणपणापासूनचा न्हावी आणि मित्र. त्याने कापलेली केसांची कड म्हणजे फूटपट्टीने ओढलेली रेघ, आणि जिभेची धार वस्तऱ्याहून जास्त. दुकान भरलेलं होतं. आजोबांनी टोपी काढली आणि खांद्यांवर पांढरा कोंडा भुरभुरला. कानांमागे, मानेवर, टोपी बसते त्या साऱ्या गोलाईवर केस तुटून विरळ झालेले. टाळू जागोजाग लाल. बोटांच्या पेरांवरही राखट पांढरे पापुद्रे आणि चिरा.

"अरे डीकन!" पर्सी ओरडला. "भट्टीतली राख काढून आलास की काय? हात बघ, हात!"

"राखेचं काय घेऊन बसलास," वाट बघत बसलेला एक बसचालक म्हणाला. "गुडघे दाखवले तर खडू म्हणून शाळेत नेतील."

सगळे हसले. आजोबाही थोडे हसले. अशी थट्टा तिथे प्रेमानेच होते, आणि राखट अंगाने दुकानात येणाऱ्याला ती चुकत नाही.

पर्सीला जोर चढला. "गायीच्या कातड्याला आयुष्यभर तेल पाजलंस, आणि स्वतःचं कातडं असं? आणि ही टोपी! ही सगळ्याचं मूळ आहे. बाहेर कचऱ्याचं पिंप आहे, त्यात टाकून दे. नाहीतर मी जाळतो."

ती कुणी विणली, हे पर्सीला माहीत नव्हतं.

आजोबांनी गळ्याभोवतीचं कापड सोडलं, टोपी घातली आणि केस न कापताच बाहेर पडले. पर्सी हातात केस कापायचं यंत्र घेऊन बघत राहिला.

त्यानंतर आजोबा चर्चलाही जाईनात. बायकांना तिथे टोप्या चालतात, चालतात कसल्या, शोभतात. पुरुषाला मात्र दारातच डोकं उघडं करावं लागतं. ज्या डोक्याकडे तरुण पोरं हेव्याने बघत, ते आता सगळ्यांपुढे कसं न्यावं? पण हे कुणाला सांगणार? त्यांनी घसा बसल्याचं निमित्त केलं.

माझं कपाट पुढच्या दाराशी होतं, म्हणून पुढचं बोलणं मी स्वतः ऐकलं. जानेवारीत मदर इडेला आल्या. चर्चमधल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाई, म्हणून सगळे त्यांना मदर म्हणतात. त्यांना पाद्रीसुद्धा घाबरतो.

"लेमुएल, मार्चमध्ये पुरुषांचा रविवार आहे, उपासना पुरुषांनीच चालवायची. ओळ कोण टाकणार?"

"मदर, माझा घसा बसलाय."

"घसा बसलाय की माणूस बसलाय?"

आजोबांनी उगाच खाकरून बघितलं.

"बरं, ऐक. पाद्रीबुवा नवे आहेत, तरुण आहेत. म्हणतात, डीकन येणार नसतील तर पडद्यावर अक्षरं दाखवू आणि ध्वनिमुद्रण लावू. तसं एकदा झालं ना, की जुनी रीत परत येत नाही. तुझ्याशिवाय ती दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि तू शिकवलीही नाहीस. वर्नेल असती तर कानाला धरून नेलं असतं तुला."

"असती तर," आजोबा म्हणाले. दार लागलं. मी कपाटात उसवलेली काख घेऊन लटकत राहिले. तिसऱ्या रांगेत पुन्हा कधी कुणी चमकणार नाही, एवढं मला कळलं.

आता झरिया! मित्रांनो, टाळ्या वाजवा. झरिया आपल्या आईबरोबर वरच्या मजल्यावर राहते. शाळेत जाते, मोठ्याने हसते, आणि तिच्या मनात आलेली गोष्ट तोंडात यायला वाट बघत नाही. एका शनिवारी आजोबा बर्फ ओढून आले. टोपी इतकी ओली झाली होती की घरात पहिल्यांदाच ती काढून गरम नळ्यांच्या कठड्यावर वाळत घालावी लागली. डोक्यावर त्यांनी टॉवेल घेतला. (पाहिलं ते लोकरीने, ऐकलं ते मी.) झरियाने टोपी उलटी केली आणि किंचाळलीच.

"आजोबा! ही टोपी आहे की मांजर?"

आतून ती तुटलेल्या केसांनी भरली होती.

"ठेव ती खाली."

"हे तुमचे केस आहेत! म्हणून तुम्ही चर्चला येत नाही? घसाबिसा काही नाही ना?"

"पोरी, आवाज हळू."

"माझा आवाज तुमच्यावर गेलाय, मी काय करू? टॉवेल काढा बघू."

दुसऱ्या कुणाला तो काढायला लावता आला नसता. पण तिने काढायला लावला. आणि बघितल्यावर ती हसली नाही, ओरडली नाही. तिथेच बुटकं स्टूल ओढलं. "बसा," म्हणाली. आजोबा त्या स्टुलाकडे बघत राहिले. शरद ऋतूपासून त्याच्यावर कुणी बसलं नव्हतं. मग एवढा उंच माणूस वाकला, आणि नातीच्या गुडघ्यांमधे जाऊन बसला.

शियाचं लोणी थंडीने गुळाच्या ढेपेसारखं घट्ट झालेलं होतं. झरियाने नखाने खरवडून तळहातांत चोळलं, ते विरघळेपर्यंत थांबली, आणि आधी कोमट पाण्याचं ओलं फडकं फिरवून ओलसर टाळूवरच ते लावलं. कोरड्यावर लावलं तर वरच राहतं. ओल आत कोंडून धरायची असते. पेरांना लावलं, कोपरांना लावलं, नाकपुड्यांच्या कडांना लावलं. आजोबांनी डोळे मिटले. त्यांचा श्वास मला कपाटातून ऐकू येत होता.

"उद्यापासून रेशमी फडकं बांधून झोपायचं, मुलं बांधतात तसं," ती म्हणाली.

"मी डीकन आहे. नाक्यावरच्या पोरांसारखं फडकं बांधू?"

"आईचा पायमोजा घालून फिरत होतात, ते चालत होतं?"

"ते कुणी सांगितलं तुला?"

"आजीने. आणखी पुष्कळ सांगितलंय. मग ही टोपी तरी सोडा."

"टोपी सोडणार नाही." हे मात्र त्यांनी अशा आवाजात म्हटलं की झरियानेही हट्ट सोडला. तिला कळलं, ते कुणाचं विणकाम आहे ते.

दुसऱ्या दिवशी आजोबा बाहेर गेले असताना कपाटाचं दार उघडलं. उजेड आला! झरियाने कोट खाली घेतला, बिछान्यावर पसरला आणि त्याची पाखं उघडली. मी दिसले तशी ती खाली वाकली. "आजी, रागवू नकोस हं," ती कोटाला म्हणाली आणि कात्री उचलली. मी घाबरले का? खरं सांगू? खूप घाबरले. आणि तेवढ्यात दारात पावलं वाजली. आजोबा काहीतरी विसरले म्हणून परत आले होते.

बिछान्यावर वर्नेलचा कोट उघडा, नातीच्या हातात कात्री. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"मी काय सांगितलं होतं?"

"हात लावायचा नाही," झरिया म्हणाली. कात्री तिने लपवली नाही. "आजोबा, आजीची लोकर तुमचे केस खातेय. तिने मुद्दाम केलं नाही. घाई होती तिला, अस्तर लावायचं राहून गेलं. मी तेवढंच लावणार आहे. दुकानातलं आणलं असतं, पण ते तिचं नसतं. मग तुम्ही ते घातलं नसतं."

आजोबा आले, बिछान्यावर बसले. त्यांनी माझ्यावर हात फिरवला. चिरा पडलेल्या पेरांत माझे धागे अडकले, त्यांनी हात थांबवला आणि ते हळूच सोडवले. मग त्यांनी झरियाकडून कात्री घेतली.

मला वाटलं, आता पुन्हा कपाट.

"बाहीचं घेऊ नकोस," ते म्हणाले. "काखेजवळचं तर नाहीच. कातडं असो की कापड, पोटाचा भाग ताणला जातो, पाठीचा टिकतो. पाठीचं काप." आणि त्यांनी स्वतः, कारखान्यातल्यासारखं, अंगठ्याने दाबून बघत बघत, वर्नेलच्या दोन खांद्यांच्या मधला तुकडा आखून दिला. "आणि हाताने शिव. यंत्राची शिवण तिला आवडायची नाही."

झरियाने शिवलं. पहिले टाके असे वाकडे की लोकर खदखदून हसली. आजोबांनी ते उसवायला लावले. दुसऱ्यांदा बरे आले. अशी मी कोटातून टोपीत आले, मित्रांनो, आणि पहिल्यांदाच अंधारात असूनही कामावर होते.

काय सांगू ते काम! माझ्या आत ते डोकं फिरायचं आणि मी त्याला अडवत नसे. लोकर बाहेरून वारा झेलायची, मी आतून केस सांभाळायचे. तेल मी पीत नाही, जिथलं तिथे राहू देते. रोज थोडं थोडं मला बोटांना कळावं तसं कळत गेलं: लाल चट्टे गेले, कोंडा सरला, मानेवर नव्या केसांची बारीक टोकं उगवली. एका शनिवारी त्यांनी लोण्याच्या डबीचं झाकण स्वतःच उघडलं. झरिया अभ्यासाला बसली होती, तिला हाकही मारली नाही. थोडं जास्तच घेतलं त्यांनी, कपाळावरून ओघळलं. पण घेतलं!

फेब्रुवारीत ते पर्सीकडे गेले. आत पाऊल टाकताच बसचालक म्हणाला, "आले बघा डीकन! आज राख कुठे ठेवून आलात?" आजोबांनी हात पुढे केले. मऊ, चकाकते, चॉकलेटच्या रंगाचे. बसचालकाने स्वतःचे हात निमूट खिशात घातले.

पर्सीने टोपी हातात घेतली, उलटी केली. मला बघितलं. झरियाचे टाके बघितले.

"लोकर वर्नेलची," आजोबा म्हणाले. "अस्तरही तिचंच."

पर्सीने मला अंगठ्याने एकदा पुसलं, टोपी सगळ्या ब्रशांच्या वर, आरशाजवळच्या मानाच्या खुंटीवर टांगली, आणि म्हणाला, "बस, डीकन. आज गप्प बसून कापतो."

"तुला जमेल का?"

"केस कापणं जमेल. गप्प बसणं बघू."

त्याने ते मुळीच जमवलं नाही. पण हात काय चालला त्याचा! मोडकं होतं ते सगळं उतरवून त्याने डोकं एकसारखं आखूड केलं, गरम नव्हे, कोमट पाण्याने धुतलं, ओलं असतानाच तेल दिलं आणि ब्रशने भोवऱ्यापासून पुढे, भोवऱ्यापासून खाली, केसांना त्यांची जुनी वाट दाखवली. "कपाळाची कड अजून विरळ आहे," तो म्हणाला. "येईल. न आली तरी तुझी गाणी काही कपाळातून येत नाहीत."

मार्च आला. पुरुषांचा रविवार उजाडला तोही बर्फाचाच, रस्त्याकडेला मळकट ढीग आणि तळ्यावरून वारा. आजोबा चर्चच्या पायऱ्या चढले आणि दारात थांबले. त्यांचा हात टोपीवर आला. बोटं माझ्यापर्यंत पोचली आणि तिथेच थबकली. मला त्यांच्या नाडीचे ठोके कळत होते. मागे लोक खोळंबले.

"आजोबा," झरिया मागून म्हणाली, "निदान थंडीला तरी आत येऊ द्या, ती केव्हाची उभी आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. आजोबाही हसले, आणि हसता हसताच त्यांनी टोपी काढली.

मित्रांनो, ज्या डोक्याला मी रोज स्पर्शाने ओळखत होते, ते मी त्या दिवशी रंगीत काचांच्या उजेडात पाहिलं. पांढरं-काळं, आखूड, स्वच्छ. कपाळाची कड विरळच होती. पण भोवऱ्यापासून निघालेल्या लाटा पुन्हा उमटू लागल्या होत्या. अजून उथळ, अजून कच्च्या, पण लाटाच! मी हरखून बघत राहिले.

ते पुढे गेले. पडदा तयारच होता. मूठ आवळलेली, मुठीत टोपी. त्यांनी ओळ टाकली.

आवाज मधेच फाटला. इतक्या महिन्यांचा गंज तो. लोक वाट बघत राहिले. कुणाला कळेना, उचलायची की नाही. पाद्रीबुवा पडद्याच्या कळीकडे बघू लागले. आजोबांनी नेहमीसारखं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. कडेची जागा रिकामी.

आणि मग त्यांचा हात आपोआप वर गेला. टोपी मुठीत उलटी झालेली होती. लोकर आत, मी बाहेर. सगळ्या चर्चपुढे, खिडकीच्या उजेडात, मी लखकन चमकले!

"अगं बाई, वर्नेल!" मदर इडेला ओरडल्या. आणि त्यांनी ती ओळ उचलली. त्यांच्यामागे दुसरी रांग, मग बसचालक, मग पर्सी (त्याला सूर नाही, पण हौस आहे), मग झरिया सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. भिंती भरल्या. आजोबांनी दुसरी ओळ टाकली तेव्हा त्यांचा आवाज पूर्वीसारखा खाली उतरला, आणि खिडक्यांच्या काचा गुणगुणल्या. पाद्रीबुवांनी पडदा गुंडाळला. स्वतःच्या हाताने.

त्याच्या पुढच्या आठवड्यापासून झरिया ओळ टाकायला शिकते आहे. आजोबा म्हणतात, "तुझा आवाज माझ्यावर गेलाय ना? मग आता भोग."

माझा बाकीचा भाग अजून कोटात आहे, पाठीला एक चौकोनी खिडकी घेऊन. कोट आता कपाटात नसतो. दारातल्या खुंटीवर, माझ्या शेजारीच असतो.

मित्रांनो, एवढं लांबलचक ऐकलंत, आता माझं एक मागणं ऐका. थंडीत कातडी कोरडी पडते, केस मोडतात, आणि ज्याचे मोडतात तो मोठा माणूस असेल तर बोलत नाही. तो टोपी घट्ट ओढतो. अशा वेळी हसू नका, आणि ती टोपी जाळूही नका. ती कुणी विणली, ते आधी विचारा. मग कोमट पाणी घ्या, लोणी तळहातात विरघळवा, आणि स्टूल ओढा. आणि हो, मला धुवाल तेव्हा गार पाण्यात, हाताने धुवा, पिळू नका. मला पुढच्या हिवाळ्यात काम आहे.